चहाचा कप आणि सूनबाईचा पेपर



इंदूर-बडोद्याच्या मंडळींच्या आठवणी इथे नेमाने वाचतो. आपणही काहीतरी लिहावं असं बरेच दिवस मनात होतं. पण बँकवाल्याला व्हाउचर आणि ऑफिस नोट यापलीकडे लिहायची सवय नसते. आज लिहितोय ते माझ्या एका चुकीबद्दल. जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

मी हैदराबादचा. आजोबा परभणीकडून निजामाच्या काळात नोकरीसाठी इथे आले आणि इथलेच झाले. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला, आम्ही मात्र काचीगुड्यातच राहिलो. घरात मराठी, गल्लीत दखनी, भाजीवाल्याशी तेलुगू. बद्रुका कॉलेजातून १९७२ ला बी.कॉम. झालो. पुढच्याच वर्षी बँकेत क्लार्क म्हणून चिकटलो, पुढे ऑफिसर झालो, साठाव्या वर्षी सुटलो. आता वय ७४. बीपीची गोळी सोडली तर बाकी ठीक.

तर गोष्ट सूनबाईची. ती नांदेडची, बी.कॉम. इथल्या एका औषध कंपनीच्या अकाउंट्समध्ये आहे. दोन्ही मुलांच्या वेळचा मिळून पाच वर्षांचा खंड सोडला तर चौदा वर्षांची नोकरी. जीएसटी आला तेव्हा अख्ख्या खात्याला रिटर्न भरायला हिनेच शिकवलं. पण २०२२ साली वरची जागा रिकामी झाली आणि त्या जागेवर बाहेरून एकतीस वर्षांचा मुलगा आणून बसवला. कारण एकच, तो एमबीए आणि ही नुसती बी.कॉम. पहिले तीन महिने त्या मुलाला काम कोणी शिकवलं, ते वेगळं सांगायला नको.

त्या दिवशी घरी आली, पर्स ठेवली आणि भांडी घासायला लागली. कामवाली येऊन गेली होती, भांडी घासलेलीच होती. तीच परत घासत होती. आमच्या हिने मला डोळ्यांनीच खुणावलं की गप्प बसा.

दोन-तीन महिन्यांनी एक दिवस जेवताना म्हणाली, "बाबा, मी ऑनलाइन एमबीए करायचं म्हणते."

आता खरं सांगतो. माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघालं? "एक्केचाळीसाव्या वर्षी? अग, पोराचं दहावीचं वर्ष येतंय पुढं. आणि ती मोबाइलवरची डिग्री धरतं का कोणी?"

ती काही बोलली नाही. ही बोलली. "तुम्ही कितव्या वर्षी बँकेच्या परीक्षा देत होता?"

मी म्हणलं, "पस्तिसाव्या."

"मग? सहा वर्षांत काय डोकं सडतं का?"

वाद तिथेच संपला. पण डिग्री धरतात की नाही, हा प्रश्न माझ्यातल्या बँकवाल्याला सुटेना. कर्ज द्यायच्या आधी कागद तपासावे, तसे तपासायला बसलो. यूजीसीचे २०२० चे नियम वाचले. मान्यता असलेल्या विद्यापीठाची ऑनलाइन डिग्री ही वर्गात बसून घेतलेल्या डिग्रीच्या बरोबरीची धरायची, असं यूजीसीने सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं होतं. मात्र विद्यापीठ मान्यताप्राप्त असून भागत नाही, त्या ठरावीक कोर्सला ऑनलाइन शिकवायची परवानगी हवी. ती यादी यूजीसीच्या दूरशिक्षण ब्युरोच्या साइटवर असते. इंजिनिअरिंग, डॉक्टरकी असलं काही ऑनलाइन चालत नाही. शिवाय "सर्टिफिकेट", "एक्झिक्युटिव्ह प्रोग्रॅम" असल्या भारी नावांची दुकानं पुष्कळ, ती डिग्री नव्हे. सूनबाईने तीन विद्यापीठं निवडली होती, त्यातलं एक मी यादीत न सापडल्यामुळे खोडलं. तेवढं एक काम मी बरोबर केलं.

चार सेमिस्टरची मिळून फी एक लाख चाळीस हजारांच्या घरात. मी म्हणलं, माझी एक एफडी मोडतो. ती म्हणाली, "नको बाबा, माझं आरडी आहे." जानेवारी २०२३ पासून वर्ग सुरू झाले.

वर्ग म्हणजे काय, तर पहाटे पाच ते साडेसहा रेकॉर्ड केलेले धडे ऐकायचे, रात्री दहानंतर असाइनमेंट, आणि शनिवार-रविवारी प्राध्यापक समोर स्क्रीनवर. शंका लेखी विचारायच्या, उत्तर दुसऱ्या दिवशी. तीस मार्क असाइनमेंटचे आणि सत्तर परीक्षेचे. मी आधी समजत होतो की घरबसल्या काय, आराम आहे. पण कॉलेजात निदान घराबाहेर तरी पडता येतं. ही शिकत होती त्याच खोलीत इस्त्रीचे कपडे येत होते, पोरगी पेन्सिल मागायला येत होती, आणि मी पेपरमधली बातमी वाचून दाखवायला जात होतो. घरात बसलेलं माणूस मोकळं आहे असं बाकीच्यांना वाटतं. खरी अडचण ती.

नातू दहावीला, आई एमबीएला. डायनिंग टेबलच्या एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला ती. "आई, तुझं किती झालं?" "दोन युनिट राहिलेत. तुझं?" असं चालायचं. त्याला कधी अभ्यासाला बस म्हणावं लागलं नाही, हा मात्र फुकटचा फायदा.

दुसऱ्या सेमिस्टरला फायनान्शियल मॅनेजमेंट आलं आणि मी जागा झालो. आजचे शंभर रुपये आणि पाच वर्षांनंतरचे शंभर रुपये सारखे नाहीत, हे मला कोणी स्क्रीनवर दाखवायची गरज नव्हती. आमच्या काळी छापील टेबलं असायची, व्याजदर आडवा, वर्षं उभी, बोट ठेवून आकडा काढायचा. सूनबाई एक्सेलमध्ये काढायची. पण आकडा कशासाठी काढायचा, ते मी सांगायचो. एक मशीन घ्यायचं की भाड्याने आणायचं, उधारी किती दिवसांची द्यायची, माल किती भरून ठेवायचा. मी शाखेत असताना मोंढ्यातल्या व्यापाऱ्यांचे कॅश क्रेडिटचे अर्ज तपासलेले. त्या व्यापाऱ्यांच्या गोष्टी सांगून मी तिला वर्किंग कॅपिटल शिकवलं. ती म्हणाली, "बाबा, तुमचं सरांपेक्षा जास्त कळतं." मी आठवडाभर हवेत.

इथे माझ्या परीक्षांचं सांगायला पाहिजे. नव्या मंडळींना माहीत नसेल, पण आमच्या बँकेत सीएआयआयबी नावाची परीक्षा असायची, आजही आहे. ती घेणारी संस्था मुंबईची, १९२८ साली स्थापन झालेली. पास झालं की इन्क्रिमेंट मिळायचं आणि प्रमोशनच्या वेळी वजन पडायचं. तेव्हा ऑनलाइन नव्हतं, काहीच नव्हतं. कोठीच्या जुन्या पुस्तकवाल्यांकडून टन्नन यांचं बँकिंग लॉ घेतलं होतं, आधीच्या मालकाने लाल पेनाने खुणा केलेलं. दिवसभर शाखेत हाताने लेजर बॅलन्सिंग, रात्री नऊला जेवण आणि मग पुस्तक. चेक वटवणाऱ्या बँकेला कलम ८५ चं संरक्षण, चेक वसूल करणाऱ्या बँकेला १३१ चं, खात्यात आलेली रक्कम आधी कोणत्या येण्यात वळती करायची त्याचा १८१६ सालचा क्लेटनचा खटला. हे सगळं मी पाठ म्हणत गच्चीवर फेऱ्या मारायचो. एक पेपर तीनदा दिला. १९८६ ला एकदाचा सुटलो.

या तीन-चार वर्षांत आमची ही काय करत होती? पोरांना घेऊन शेजारी बसायची, मला त्रास नको म्हणून. रेडिओ बंद. पाहुण्यांना "ते अभ्यासाला बसलेत" म्हणून दारातूनच परत पाठवायची. आणि रात्री अकराला दाराबाहेर चहाचा कप ठेवून हळूच कडी वाजवायची. आत यायची नाही. ही गोष्ट मी आयुष्यभर लोकांना कौतुकाने सांगितली. निवृत्तीच्या भाषणातसुद्धा सांगितली. टाळ्या पडल्या.

तर आता तो दिवस. दुसऱ्या सेमिस्टरची परीक्षा, फायनान्शियल मॅनेजमेंटचा पेपर. परीक्षा घरूनच, लॅपटॉपच्या कॅमेऱ्यासमोर. आधी ओळखपत्र कॅमेऱ्याला दाखवायचं, मग लॅपटॉप फिरवून अख्खी खोली दाखवायची, टेबलावर पाण्याची बाटली सोडून काही नाही. पेपर सुरू झाला की दुसरी विंडो उघडता येत नाही, उठता येत नाही, दुसरा माणूस दिसता कामा नये, दुसरा आवाजही नको. पहिल्या सेमिस्टरला हे सगळं मुलाने बघितलं होतं. या वेळी तो कामासाठी चेन्नईला गेलेला. सूनबाईने सकाळी मला आणि हिला सांगितलं होतं, "दोन ते पाच कोणी आत येऊ नका." मी हो म्हणलं होतं.

तीन वाजले. ही देवळात गेलेली. मी एकटा. मनात आलं, पोरगी सकाळपासून उपाशीपोटी लिहितेय, आपण शिकवलेला विषय, चहा तरी द्यावा. आलं ठेचलं, छान कडक चहा केला, बशीत दोन उस्मानिया बिस्किटं ठेवली. "आत येऊ नका" म्हणजे गडबड करू नका, असं माझ्या डोक्यात. मी काय गडबड करणार होतो? दार लोटलं आणि म्हणलं, "घे ग, आलं घातलंय. सगळं सोडवता येतंय ना?"

तिने मागे वळून बघितलं नाही. नुसता डावा हात वर केला, थांबा म्हणून. पण तोवर माझा सदरा, हात, कप, सगळं कॅमेऱ्यात आलं होतं, आणि आवाजही. स्क्रीनवर लाल पट्टी आली. मग पेपर गेला आणि एक इंग्रजी मजकूर आला की तुमची परीक्षा थांबवली आहे. तिने तीन-चारदा काहीतरी दाबून बघितलं. मग खुर्चीला टेकून बसली.

मी कप हातात धरून उभा. काय झालं तेच मला नीट कळेना. तिनेच सांगितलं, शांतपणे. मग माझ्या हातातून कप घेतला आणि प्यायली. पूर्ण. "चांगला झालाय बाबा," म्हणाली आणि बाथरूममध्ये गेली. नळ बराच वेळ चालू होता.

दोन आठवड्यांनी मेल आला. परीक्षेच्या वेळी दुसरी व्यक्ती खोलीत आली आणि बोलली, सबब पेपर रद्द, पुढच्या फेरीत फी भरून पुन्हा द्यावा. "सगळं सोडवता येतंय ना" हे माझं वाक्य त्यांनी रेकॉर्डिंगमधून उचललं होतं. मी आयुष्यभर एक्स्प्लनेशन मागवली आणि दिली. त्यामुळे लगेच परीक्षा नियंत्रकांना दोन पानी पत्र लिहिलं. सदर चूक पूर्णपणे माझी आहे, परीक्षार्थीचा काही दोष नाही, माझं वय लक्षात घ्यावं, वगैरे. दोन ओळींचं उत्तर आलं की नियमात तरतूद नाही. आधी चिडलो. मग विचार केला, मी त्या खुर्चीत असतो तर? सही जुळत नाही म्हणून मी कित्येक म्हाताऱ्यांचे चेक परत केलेत. हात थरथरतो हे मला दिसत असूनसुद्धा. नियम बरोबरच होता. चुकलेला मी होतो.

नुकसान फीचं नव्हतं. पहिलं वर्ष पूर्ण झाल्याची मार्कशीट दाखवली तर एका युनिटचा तात्पुरता चार्ज देऊ, असं तिच्या साहेबांनी कबूल केलं होतं. मार्कशीटवर त्या विषयापुढे मार्कच नव्हते. चार्ज दुसऱ्याला गेला.

त्या रात्री मी हिच्याजवळ बसलो. ती मेथी निवडत होती. मी म्हणलं, "तू मला इतकी वर्षं चहा दिलास, कधी काही बिघडलं नाही. मी एकदा दिला आणि बघ."

ती म्हणाली, "मी दाराबाहेर ठेवायची. आत नव्हते येत."

थोड्या वेळाने मेथीकडे बघतच म्हणाली, "आणि मला कुणी चहा आणून दिला नाही, म्हणून माझा पेपर चहापायी नाही बुडाला. माझा बदलीपायी बुडाला."

मंडळी, हे मी पार विसरलो होतो. पार विसरलो म्हणणंही खोटं आहे. मी ते वेगळंच लक्षात ठेवलं होतं.

१९८२ साली हैदराबादला देशातलं पहिलं मुक्त विद्यापीठ निघालं, तेव्हा त्याचं नाव आंध्र प्रदेश मुक्त विद्यापीठ, आता डॉ. आंबेडकरांचं नाव आहे. शिक्षण अर्धवट राहिलेल्यांनाही तिथे प्रवेश परीक्षा देऊन बी.ए., बी.कॉम. करता यायचं. ही मॅट्रिक झालेली, लग्नामुळे पुढचं राहिलेलं. १९८६ ला माझी परीक्षा सुटली, तेव्हा म्हणाली, "आता माझी पाळी." प्रवेश परीक्षा पास झाली. तेलुगू लिहिता येत नव्हतं म्हणून इंग्रजी माध्यम घेतलं आणि डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचायची. रविवारी अभ्यासकेंद्रात तास असायचे, तिथे जायची. मी पोरांना सांभाळायचो, असं मी सांगतो. खरं तर पोरं शेजारीच असायची.

१९८७ च्या उन्हाळ्यात माझं प्रमोशन झालं. त्याच सीएआयआयबीच्या जोरावर. बदली मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या शाखेत. तिची पहिल्या वर्षाची परीक्षा तीन आठवड्यांवर होती, हॉलतिकीट आलेलं होतं. ती म्हणाली, तुम्ही पुढे जा, मी पेपर देऊन येते. मी म्हणलो, नव्या गावात घर एकट्याने कसं लावू? पेपर काय, पुढच्या वर्षी दे. काचीगुड्याहून मनमाडकडे जाणाऱ्या मीटरगेजच्या गाडीत आम्ही चौघं बसलो, सामान ट्रकने गेलं. त्या तालुक्यात आंध्रच्या विद्यापीठाचं केंद्र असण्याचा प्रश्नच नव्हता. नाशिकचं मुक्त विद्यापीठ १९८९ ला निघालं, तोवर पोरांच्या शाळा, माझ्या आईचं आजारपण. पाच वर्षांनी हैदराबादला परतलो, तेव्हा तो विषय कोणी काढला नाही. पुढे कोणी विचारलं की मी सांगायचो, "हिने सुरू केलं होतं, पण हिलाच आवड राहिली नाही." तिच्यादेखत सांगायचो. तिने कधी खोडून काढलं नाही.

त्या रात्री मी तिला म्हणलं, "चुकलंच माझं." ती म्हणाली, "हौ," आणि मेथीच्या काड्या गोळा करून उठली. आमच्या घरात याहून जास्त बोलायची पद्धत नाही.

पुढच्या फेरीला मी व्यवस्थेचा चार्ज घेतला. आदल्या दिवशी इन्व्हर्टरचं पाणी बघितलं, नेट गेलं तर म्हणून मोबाइलचं हॉटस्पॉट तयार. घंटीचा फ्यूज काढला. दारावर मराठी, तेलुगू आणि हिंदीत कागद लावला की आत परीक्षा चालू आहे. कुकर दीडच्या आत उतरवायचा, असं ठरलं. आणि दोन ते पाच मी खोलीच्या बाहेर खुर्ची टाकून बसलो. दूधवाला आला, कुरिअरवाला आला, गल्लीतला एक जण वर्गणी मागायला आला. सगळ्यांना हातानेच परत पाठवलं. तीन तास गप्प बसणं किती अवघड असतं, ते मला तेव्हा कळलं. खोकला आला की जिना उतरून खाली जाऊन खोकायचो. हिने हे साडेतीन वर्षं केलं होतं, दोन लहान पोरं घेऊन.

सूनबाईला त्या पेपरला ६१ मार्क पडले. उरलेली दोन सेमिस्टर नीट पार पडली. २०२५ च्या सुरुवातीला डिग्री हातात आली आणि त्याच वर्षी वरची जागाही मिळाली. पगार फार वाढला अशातला भाग नाही. पण आता नवीन मुलाला शिकवायचं झालं तर तो तिच्या हाताखालचा असतो, एवढा फरक.

तुमच्या घरी चाळिशीतलं कोणी असं शिकत असेल, तर माझ्या चुकीवरून एवढंच सांगतो. पैसे देण्याआधी कोर्सची मान्यता स्वतः बघा, एजंट सांगेल त्यावर जाऊ नका. शिकणाऱ्याला एक दार द्या आणि ते दार पाळा. "आत येऊ नका" म्हटलं तर त्याचा अर्थ आत येऊ नका एवढाच असतो. माया बाहेर ठेवून कडी वाजवावी.

निकालाच्या दिवशी मी हिला विचारलं, "तुझं आता करायचं का पुरं? वयाची अट नाही, घरी बसून होतं. मी दाराबाहेर बसतो."

तिने माझ्याकडे बघितलं. "आता नक्को. मला तेव्हा शिकायचं होतं."

मग म्हणाली, "पण चहा करा. आज आत आणलात तरी चालेल."

— एक निवृत्त बँकवाला, काचीगुडा, हैदराबाद